दहा सह्या, एकच बूथ

निवडणुकीला उभं राहायचं तर प्रस्तावक लागतो. म्हणजे त्याच मतदारसंघातला एखादा मतदार, जो फॉर्मवर सही करून सांगतो की या माणसाचं नाव मी सुचवतो. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला असा एक पुरतो. ज्या पक्षाचं नाव कुणी ऐकलेलं नाही, त्याच्या उमेदवाराला दहा लागतात. मागच्या विधानसभेला माझे वडील उभे राहिले तेव्हा मला हे कळलं. त्या दहा सह्यांतली एक माझी होती, म्हणून ते विसरणं काही जमलेलं नाही.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. एका सरकारी कचेरीतून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, आणि रिटायर झाल्यावरही शनवारा मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना बडे बाबूच म्हणत. आमच्याकडे घरात मराठी आणि सरकारदरबारी हिंदी. बोलायला दोन्ही येतात, पण अर्ज लिहायची हिंदी वेगळी असते आणि ती कुणाला येत नाही. अप्पांना यायची. सकाळी ओट्यावर सतरंजी पडली की पेन्शनवाले, नळवाले, रेशनवाले, सगळे हजर. अप्पा कार्बन घालून दोन प्रती काढायचे, एक त्याला, एक आपल्या ट्रंकेत. घ्यायचे काही नाहीत, फार तर अर्ध्या कप चहाची कंपनी.

माझाही अर्ज त्यांनीच लिहिला होता. लग्न मोडून मी माहेरी आले तेव्हा खंडव्याच्या मतदार यादीतून माझं नाव काढून इथल्या यादीत घालायचा फॉर्म त्यांनी भरला. पतीचं नाव होतं तिथे पित्याचं नाव, असा बदल. मी म्हटलं होतं, मरू द्या ना, मतदान करून कुणाचं भलं झालंय. ते म्हणाले, यादीत नाव असलं म्हणजे माणूस असतो. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. पण माझं मत या गावात आलं ते त्यांच्यामुळे आलं, ही गोष्ट खरी आहे आणि पुढच्या सगळ्याला ती लागू आहे.

तर त्या वर्षी दिवाळीच्या आधी त्या पक्षाचे लोक आले. पक्ष म्हणजे भोपाळातला एक पत्ता आणि इथला एक जिल्हाध्यक्ष, ज्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचा उमेदवार ठरला होता आणि उमेदवारी अर्ज बिनचूक भरून हवा होता. अप्पांनी दोन दिवस बसून तो आणि सोबतचं शपथपत्र असं भरलं की एक खाडाखोड नाही. तिसऱ्या दिवशी उमेदवार घाबरला आणि सासुरवाडीला निघून गेला. मग जिल्हाध्यक्ष म्हणाला, बडे बाबू, तुम्हीच व्हा. फॉर्म भरून घ्यायला आलेली माणसं फॉर्मच गळ्यात घालून गेली.

आई म्हणाली, लोक हसतील. मी म्हटलं, हसतीलच. अप्पा आमच्याकडे न बघता म्हणाले, "चाळीस वर्षं अर्ज लिहून राहिलो. एकदा तरी जिथे अर्ज जातात तिथे बसून पाहू द्या." जिंकायचं नाही हे त्यांना कळत होतं. त्यांना एवढंच पाहायचं होतं की ज्यांच्यासाठी ओटा झिजवला, ती माणसं आपली आहेत की नाहीत. ते असं बोलून दाखवत नव्हते, पण मला कळत होतं.

आता सह्यांचं. दुसरा कुणी असता तर त्याने दहा सह्या दहा मोहल्ल्यांतून आणल्या असत्या, चार ओळखी वाढल्या असत्या. अप्पा पडले बाबू. त्यांनी विचार केला तो छाननीच्या टेबलावर बसलेल्या कारकुनाचा. प्रत्येक प्रस्तावकापुढे यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहावा लागतो, आणि तो कारकून ते एकेक करून तपासतो. दहाही माणसं एकाच भागातली घेतली तर त्याला एकच यादी उघडावी लागेल. म्हणून त्यांनी आमच्याच गल्लीतले दहा घेतले. आई, मी, आणि आठ शेजारी. समोरचा किराणावाला, विधवा पेन्शन ज्यांची अप्पांनी सुरू करून दिली त्या मावशी, असे सगळे ओट्यावरचे. छाननीच्या दिवशी तो कारकून खूश होऊन म्हणाला, असा फॉर्म पाहिला नाही. अप्पा घरी येऊन हे चार वेळा सांगत होते. आमचा सगळ्यांचा बूथ एकच होता याचा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही, आणि माझ्याही नाही.

निशाणी मिळाली कढई. अप्पांनी आईची लोखंडी कढई घासूनपुसून, दांडीला लाल रिबिन बांधून ऑटोच्या टपावर चढवली. तीन आठवडे आमच्या घरात शेवभाजी झाली नाही. आई पातेल्यात भाज्या करायची आणि पातेलं आपटायची. दुसऱ्यांच्या घरची माणसं निवडणुकीत हत्ती-घोडे नाचवतात आणि आमच्याकडची कढई गेली, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. भोपाळहून मोठे नेते येऊन राजघाटावर सभा घेणार होते, ते आले नाहीत. अप्पा भोंगा लावलेल्या ऑटोशेजारी उभे राहून एकटेच बोलले. ताप्तीवर कपडे धुणाऱ्या बायका आणि दोन नावाडी ऐकत होते. मी घाटाच्या वरच्या पायरीवर उभी होते. भाषण अर्जासारखंच होतं, सुरुवातीला सविनय आणि शेवटी कळावे. मला त्यांची इतकी कीव आली की मी सभा संपायच्या आधी घरी निघून आले. त्यांनी वळून पाहिलं होतं का, मला माहीत नाही.

मतदानाच्या दिवशी आई सकाळीच शेजारणींबरोबर जाऊन आली. अप्पा ओट्यावर पांढरा सदरा घालून बसले होते. त्यांनी विचारलं, दाबलं का? आई आत जाता जाता म्हणाली, "दाबलं ज्याले दाबायचं त्याले." अप्पा हसले, पण ते हसणं मी पाहिलंय, ते बरं नव्हतं.

मी दुपारी गेले. यंत्रावर अप्पा नववे होते, मतदार कार्डावरच्यासारखा फोटो, शेजारी कढई. मी तिथे किती वेळ उभी राहिले असेन, फार नाही. मी गणित शिकवते आणि मी गणितच केलं. लढत दोघांची आहे. अप्पांना दिलेलं मत त्या दोघांतल्या वाईटाच्या पथ्यावर पडणार. आणि आठ शेजारी तर अप्पांना देणारच आहेत, माझ्या एकाने काय होतं. मी वरचं एक बटण दाबलं. काचेमागे चिठ्ठी दिसते, सात सेकंद, मग ती पडते. मी ती सात सेकंद पाहिली आणि तिच्यावर कढई नव्हती. बाहेर आले तर शाळेच्या फाटकापाशी त्या विधवा पेन्शनवाल्या मावशी भेटल्या. त्यांनी बोटाची शाई दाखवत म्हटलं, दिलं गं बाई तुझ्या बापाले. मी म्हटलं, मीही.

घरी अप्पांनी मलाही विचारलं. मी म्हटलं, हो, मग काय. मला घरात बाई म्हणतात, लेकीला म्हणतात तसं. ते म्हणाले, बस, बाईचं आलं म्हणजे आलं.

मतमोजणीला उमेदवाराला प्रत्येक टेबलावर आपला माणूस बसवता येतो. अप्पांकडे माणसं होती दोन, मी आणि जिल्हाध्यक्ष, आणि जिल्हाध्यक्ष दहा वाजताच निघून गेला. पण अप्पांनी आधीच हिशोब मांडून ठेवला होता की आपल्या बूथचं यंत्र कोणत्या फेरीत कोणत्या टेबलावर येणार, आणि मला त्याच टेबलावर बसवलं होतं. ते स्वतः पुढे उमेदवारांच्या खुर्चीत बसले होते. तिथून टेबल दिसत नव्हतं. जाळीच्या अलीकडे आम्ही एजंट, पलीकडे यंत्र. बाई, एक आकडा लिहून आण, बाकीचे राहू दे, असं ते मला म्हणाले होते.

यंत्र आलं. सील दाखवलं, बटण दाबलं, आणि उमेदवार एक, इतकी मतं, उमेदवार दोन, इतकी मतं, असे आकडे छोट्या पट्टीवर येऊ लागले. मोठ्या पक्षांचे एजंट भराभर लिहीत होते. नऊ नंबर आला. दोन.

मला वाटलं, माझं वाचण्यात चुकलं. तोवर दहावा आला होता. शेजारच्या एजंटाच्या कागदावर डोकावले, त्यानेही नऊपुढे दोनच लिहिले होते. दहा सह्या आणि स्वतः अप्पा धरून अकरा व्हायला हवे होते. मला आधी राग आला तो त्या आठ जणांचा. असा राग की तिथून उठून एकेकाच्या दारात जावं आणि त्याने लिहून घेतलेले सगळे अर्ज परत मागावे. मग आठवलं की त्यांच्यात आणि माझ्यात फरक काहीच नाही. त्यांनीही हेच गणित केलं असणार, बाकीचे देतीलच की.

माझ्या कागदावर मी दोन लिहिले होते. पाच मिनिटं तो आकडा पाहत बसले. मग त्या दोनाच्या आधी एक काढला आणि कागद घडी करून अप्पांना नेऊन दिला.

त्यांनी तो उघडला तेव्हा त्यांचा चेहरा जो झाला तो मी पुन्हा कधी पाहिला नाही. बाकी निकालाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. शेवटून तिसरे आले, अनामत गेली, त्याचं काही नाही. घरी येताना रिक्षात म्हणत होते, दहा सह्या, अकरावा मी, म्हणजे बारावा कुणीतरी आहे जो सही न करता आपला आहे. घरात शिरताना त्यांच्या हातात मावा जिलबी होती. त्यांनी ती आईच्या हातात दिली, स्वतः. बारा आले म्हणजे आईनेही दिलंच होतं, नाही का. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिच्यासाठी काही आणलं असेल असं नाही, पण असं हातात दिलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. कढईची रिबिन त्यांनी स्वतः सोडली. पुढचे तीन आठवडे ते आईशी नव्याने ओळख झाल्यासारखे वागत होते, आणि आई मला हळूच विचारायची, यांले झालं तरी काय.

मी खोटं बोलले याचं मला त्या तीन आठवड्यांत वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, एका आकड्यात एवढं सुख असेल तर द्यावं माणसाने.

मग ते थांबलं. कधी ते नेमकं सांगता येणार नाही. संक्रांतीला ते नेहमीसारखे तिळगुळाचा डबा घेऊन निघाले, आठही घरी गेले, त्या वर्षी मुद्दाम सगळ्यांकडे बसून आले. मावशींच्या दारात मी बरोबर होते. मावशी पुन्हा म्हणाल्या, आम्ही तर तुम्हालेच दिलं हो बडे बाबू. अप्पा म्हणाले, माहीत आहे मले, घ्या, तिळगूळ घ्या. त्यांच्या आवाजात काही नव्हतं. पण त्यानंतर बाराव्या माणसाचा विषय त्यांनी काढला नाही. ओट्यावरची सतरंजी पडत राहिली, अर्ज लिहिले जात राहिले, फक्त चहाला ते कुणाबरोबर बसेनासे झाले. आईशीही बोलणं कामापुरतं. ती म्हणायची, आता काय बिनसलं कोण जाणे. मी म्हणायचे, वय झालं, दुसरं काय. पुढे जिल्हाध्यक्ष नगरपालिकेसाठी विचारायला आला तेव्हा अप्पांनी त्याला पाणी दिलं आणि नमस्कार करून वाटेला लावलं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास ते गेले. तीन दिवस ताप आला आणि गेले. गल्ली सगळी आली, आठही जण आले, किराणावाल्याने खांदा दिला. मी त्याच्या खांद्याकडे पाहत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, बटण दाबायला बोट उचललं नाही तुझं. माझंही उचललं नव्हतं.

आईच्या फॅमिली पेन्शनचा अर्ज करायचा होता. गल्लीत अर्ज लिहिणारं आता कुणी उरलं नव्हतं, मीच बसले. जुने कागद हवेत म्हणून त्यांची ट्रंक उघडली. आई समोर पाटावर लसूण सोलत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक अक्षर तिला दिसत नाही. ट्रंकेत एक फाइल निघाली, तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात 'निर्वाचन' लिहिलेलं होतं.

आत सगळ्यात वर त्यांच्याच अर्जाची कार्बन प्रत होती. मतदान केंद्रनिहाय निकालाची नक्कल मिळावी ही सविनय विनंती. खाली ती नक्कल, साहेबांच्या सहीशिक्क्यासह. शिक्क्यावरची तारीख संक्रांतीच्या आधीची होती. मला हे सुचायला हवं होतं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांसाठी नकला मागवल्या, तो स्वतःच्या निकालाची मागवणार नाही? आमच्या बूथच्या ओळीखाली लाल पेन्सिलीची रेघ होती. नवव्या रकान्यात दोन. त्या कागदामागे टाचणीने लावलेला माझा कागद, त्यावर बारा. दोन्ही एकत्र टाचलेले होते.

आणि दोनच्या बाजूला समासात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं. एक, मी. दोन, बाई.

आईने विचारलं, काय सापडलं? म्हटलं, मतांचा कागद. ती म्हणाली, आपल्या बूथवर किती पडली होती? मला पुन्हा खोटं बोलायचं त्राण नव्हतं. मी सांगितलं, दोन.

तिचा लसूण थांबला नाही. "एक त्याईचं," ती म्हणाली, "आणि एक माझं."

मी मान वर केली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती म्हणाली, कढई नेली म्हणून मी चिडले होते, पण तिथे गेले आणि यांचा तो फोटो पाहिला, कसा भेदरल्यासारखा आला होता, मग दुसरीकडे बोट जाईना. घरी येऊन सांगायची लाज वाटली, म्हातारपणी काय तोंडावर सांगायचं. मग म्हणाली, तुझं नव्हतं. हे ती विचारत नव्हती.

मी म्हटलं, नव्हतं.

तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, त्याईनं काही लिहून ठेवलंय का त्याच्यावर? लिहायची सवय होती त्याईले.

जिलबी हातात दिली ते तीन आठवडे, आणि त्यानंतरचा सगळा अबोला, हे मला एकदम दिसलं. त्यांना वाटलं की दुसरं मत माझं. आणि म्हणून तिचं नाही. माझं नसलेलं मत त्यांनी माझ्या नावावर मांडलं आणि तिचं असलेलं तिच्याकडून काढून घेतलं, तेही मीच त्यांना 'हो, मग काय' म्हटलं म्हणून.

"लिहिलंय," मी म्हटलं. "मी आणि ही, असं लिहिलंय."

तिने बोट पुढे केलं, कुठे आहे ते दाखव म्हणाली. मी तिचं बोट धरून समासात नेलं आणि माझ्या नावावर टेकवलं. ती ते अक्षर चाचपत राहिली. पेन्सिलीचं अक्षर बोटाला काय लागणार.

"माहीत होतं त्याईले," ती म्हणाली. "मग मले कधी बोलले काहून नाही?"

याचं उत्तर मला माहीत आहे, आणि या घरात ते फक्त मलाच माहीत आहे. मी कागद फाइलीत घातले आणि पेन्शनच्या अर्जावर तिचं नाव लिहायला घेतलं.